आबकारी

सकाळी इंदूर सोडलं तेव्हा
मुफद्दलच्या गाडीच्या डिकीत सहा रिकाम्या बाटल्या
आणि माझ्या मांडीवर बाबांचा हायड्रोमीटर.
पितळी. निळ्या मखमलीच्या खाचेत झोपलेला.
र. वि. मुळ्ये, आबकारी निरीक्षक, धार.
उभ्या जन्मात माणसानं दारू फक्त मोजली.
खोकल्याचं औषधही
हुंगून परत ठेवायचे.

रतलामकडे द्राक्षं आहेत, ठाऊक होतं.
"द्राक्षांची तर कुठेही मिळते," मुफद्दल म्हणाला.
तो स्वतः घेत नाही, माहिती मात्र सगळी ठेवतो.
घाटाबिल्लोदला चहा झाला. चैत्राचं ऊन
काचेतून आत येऊन मागच्या सीटवर पसरलं.

धारला टेंबे सर. वनस्पतिशास्त्र, निवृत्त.
न्हाणीघरात ओळीनं काचेच्या बरण्या,
प्रत्येकीच्या झाकणातून रबरी नळी, टोक पाण्यात.
बुड्.
मग बराच वेळ काही नाही.
बुड्.
"बाई गेल्यापासून घरात एवढाच आवाज," सर म्हणाले,
आणि लगेच: "ही जांभळाची. ही करवंदाची, जरा रागीट.
आणि ही" (आवाज खाली) "खुरासाणी चिंचेची."

मांडवला उभी असतात ती झाडं,
पोट पुढे काढून, वसुलीला आल्यासारखी.
कुणी म्हणतं समुद्रापलीकडून भेट आली.
भेट देणारे गेले, घेणारे गेले,
फळं अजून रस्त्यावर दहा रुपयांना मिळतात.
घोट घेतला.
आधी आंबट. मग खडूसारखं कोरडं.
मग, मी पेला खाली ठेवल्यानंतर,
शाळेच्या फाटकाबाहेरची बोरकुटाची पुडी,
जी बाबांनी एकदा नालीत फेकली होती.

मी हायड्रोमीटर बुडवला. तो तिरका तरंगला.
सर हसले. "कडक दारूचं यंत्र आहे ते.
गोडात खोटं बोलतं."

मांडवच्या पलीकडे, दरी उतरून,
थावरीबाईच्या अंगणात महुआ वाळत पडलेला.
चालावं तर पाय कुठे ठेवायचा?
तिनं खाकऱ्याच्या पानांचा द्रोण भरला,
पिण्याआधी चार थेंब जमिनीवर सोडले.
पुरखांचे.
मी डबी उघडली.
तिनं मखमलीकडे पाहिलं, मग माझ्या नाकाकडे,
मग पुन्हा मखमलीकडे.
"मुळे साब?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?
आजीची भट्टी, तिनं सांगितलं. मी एवढी होते.
जीप आली. मटकं उचललं. इथंच, या दगडावर.
मी द्रोण धरून बसले, माफी कुठल्या भाषेत मागतात
ते आठवत.
तर ती म्हणाली,
"हमू तो चार बूंद दां.
थारा बाप ने तो आखो मटको पिलई दियो धरती के."
आणि हसली. सून हसली, पदर तोंडात धरून.
मुफद्दल उठून टायर बघायला गेला.
मला हसू यायला वेळ लागला,
आणि आलं तेव्हा थांबेना.

धूर, मनुका, ओलं गोणपाट.
घशाखाली एक छोटा दिवा चालत गेला.
"तुझं यंत्र काय सांगतं?"
चष्मा गाडीत होता, आकडा दिसेना.
तिनं बोट बुडवून थेंब चुलीवर झटकला.
निळी जीभ उठली, गेली.
"अच्छी है," ती म्हणाली. नोंद झाली.

रात्री इंदूरला, तिसऱ्या मजल्यावर,
पाच बाटल्यांना चिठ्ठ्या लावल्या.
सहाव्या बाटलीवर काय लिहावं सुचेना.
बाबांच्या नावानं चार थेंब टाकावेत म्हटलं,
तर जमीन कुठे?
बाल्कनीत कढीलिंबाची एक कुंडी.
तिच्यात ओतले.
जरा थांबले.
आधी हुंगून बघतील.