बर्फाला पाडलेलं भोक

बैकालवर मार्च. बर्फ मीटरभर जाड,
आणि भोकाशी गुडघे टेकून सेसेग्मा.
दोर वर येतो, बाटलीत पाणी.
पाण्यात काहीच नाही, बाइर म्हणतो.
तो गाडी चालवतो; बाकी त्याला घेणंदेणं नाही.

तंबूत ती त्याला सूक्ष्मदर्शकाशी बसवते.
काचेच्या डबीत कोंडलेलं पिवळसर ऊन :
एक पेशी, दोन होताना.
"हिला खातो झिंग्याएवढाही नसलेला जीव,
त्याला ओमुल मासा,
ओमुलला तू. काल रात्री, काट्यांसकट."

बाइर हसत नाही. विचारतो,
एवढ्या गारठ्यात हिला
दोन व्हायची घाई कसली?

उत्तर आहे तिच्याकडे, वर्गात देते ते.
इथे देत नाही.
हात पोटावर जातो. पाचवा महिना.
आत कुणी न शिकवता
एकाचे दोन, दोनाचे चार,
जुनीच अक्षरं गिरवणं चाललेलं,
मध्येच एखादं चुकतं,
आणि बहुतेक चुका नुसत्या चुकाच राहतात.
बहुतेक.

बाहेर उणे एकोणीस.
तंबूत तिघांचं रक्त सदतीसवर, हट्टानं.
लांब कुठेतरी सील नाक वर काढतं,
फुस्स करतं, बुडतं.

"चहा गार होतोय," सेसेग्मा म्हणते.
बाइरचा डोळा तसाच भिंगाला.
"थांब," म्हणतो, "अजून सुटली नाहीये."