सैल बीम

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, पत्र्याच्या शेडमध्ये
मी पॅकिंगला. खोक्यांवर पत्ते लिहिते
जाड मार्करनं, इंग्रजी मोठ्या अक्षरांत.
गावं पाहिलेली नाहीत, वळणं पाठ.

मार्चात एकाच मागावर दोन ऑर्डरी लागल्या.
एक हैफाच्या हॉटेलची.
एक अम्मानच्या एजंटमार्फत, खान युनिसच्या दवाखान्याची.
रंग पांढरा, काठ नको, तीस बाय साठ.
मालक म्हणाले, सूत एकच, वजन एकच,
खोकी तेवढी मिसळू देऊ नकोस, सुलोचना.

हॉटेलची ओर्ना हळू बोलते.
मालकांचा मुलगा फोन स्पीकरवर टाकतो, आम्हाला मराठीत सांगतो.
पर्यटक नाहीत. सरहद्दीवरून उठवलेली घरंच्या घरं
खोल्यांत राहतात. पोरं लहान आहेत.
तिचा भाचा त्या शनिवारी पहाटेपर्यंत नाचत होता.
एवढं म्हणाली,
मग लगेच कापडाचं वजन विचारलं.

दवाखान्याचा इहाब मेसेज टाकतो, फोन लागत नाही.
माप चालेल, त्यानं लिहिलं.
आम्हाला टॉवेल पुसायला नकोत, गुंडाळायला हवेत.
तीस बाय साठमध्ये किती वयाचं मूल मावतं
हे मी मनात मोजायला लागले
आणि मोजणं सोडून दिलं.

मागावर मल्लेशम दुडम आणि गफूर नदाफ.
ज्या साली कर्फ्यू लागला
गफूरच्या बापाचे चार माग जळाले.
मल्लेशमचा थोरला भाऊ दूध आणायला गेला
तो पायरीपर्यंत परत आला, घरात आला नाही.
सुरुवात कुणी केली, दोघांना पक्कं ठाऊक,
दोघांचं ठाऊक वेगळं.
सात वर्षं एक शिफ्ट, एक माग.
बोलणं म्हणजे : वीज गेली. कांडी संपली. धागा तुटला.
जेवणाचे डबे शेडच्या दोन टोकांना.

मी एकदा विचारलं, तुमचं मिटलं कधी?
मल्लेशम म्हणाला, मिटलंय कुठं?
माग बंद ठेवून चालत नाही, एवढंच.

एप्रिलात नवीन पोरगं आलं, त्याला शिकवत होता.
टॉवेलच्या मागाला बीम दोन.
एक ताणलेला, एक सैल.
सैल सोडला तर लूप उठतो,
लूप उठला तर कापड पाणी पितं.
दोन्ही कसले तर? पोरगं म्हणालं.
तर ताडपत्री. वरून सगळं वाहून जातं.
मग सैल कोण सोडतं?

गफूरनं मान वर केली नाही.
आपोआप नाही होत. वजनं काढावी लागतात हातानं.
ज्या बाजूला वजन जास्त, तिथली आधी.

माग खडखडत राहिला.
मल्लेशम म्हणाला,
आणि तो काढत असताना
दुसऱ्यानं धागे तोडायचे नसतात.

गफूर म्हणाला, नसतात.

सात वर्षांतलं त्यांचं हे सगळ्यात लांब बोलणं.
पुढं कुणी वाढवलं नाही. मीही चहा सांगितला नाही.

हैफाचा माल आफ्रिकेला वळसा घालून उशिरा पोचला.
दवाखान्याचा अम्मानच्या गोदामात पडून आहे.
एजंट म्हणतो, पत्ता आहे, इमारत नाही.
इहाबला पाठवलेल्या मेसेजवर एकच टिक, एकवीस दिवस.
मालक म्हणाले, तोच माल हॉटेलला देऊन टाकू,
पांढऱ्यावर कुठं नाव लिहिलंय?
नाव खोक्यावर आहे, मी म्हटलं. मी लिहिलंय.

ओर्नाला सांगावं लागलं, हा माल मुळात कुणाचा.
ती इतका वेळ गप्प की मुलानं फोन हलवून बघितला.
मग विचारलं, गोदामाचं भाडं
महिन्याला किती पडतं?
का विचारलं, ते सांगितलं नाही.

आज रात्रपाळीला बीम बदलायचा आहे.
भरलेला बीम एकट्याला उचलत नाही.
एक टोक मल्लेशमच्या खांद्यावर, एक गफूरच्या.
आधी कुणी गुडघा टेकायचा
हे दरवेळी नव्यानं ठरतं,
आणि तेवढा वेळ
दोघंही त्या वजनाखाली उभे असतात.