आधी उचल, मग फुंक

पहिल्यांदा झालं ते शिंकेनं.
दुआर्नेनेच्या मासळीबाजारात, सार्डिनच्या पेटीशेजारी,
आणि मला वाटलं बर्फाचंच पाणी आलं मांडीवर.
किती सोयीचं होतं तसं वाटणं.
घरी येऊन जीन्स भिजत घातली,
यानला म्हटलं, बाळानं ओली केली.
सात आठवड्यांच्या मालोवर
आईनं घातलेला पहिला आळ.

मग खोकला. मग गाडीची डिकी आपटताना.
मग बंदराच्या पायऱ्या:
उतरताना, चढताना नाही.

हेही चालवून घेतलं असतं,
पण मी बॉम्बार्ड वाजवते.
ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगते,
दीड वीत काळं लाकूड, तोंडाशी दुहेरी जिभली,
आणि आवाज असा की कुरव पक्षी वाट बदलतात.
त्याला गालांतली हवा पुरत नाही.
अख्खं पोट भात्यासारखं दाबावं लागतं.
तेराव्या वर्षापासून हा भाता माझा आहे.
एप्रिलमध्ये तालमीला गेले,
पहिली ओळ वाजवली,
दुसरीला खाली बसले ती उठलेच नाही.
ग्वेनोलेनं विचारलं, जिभली फाटली का?
हो, म्हटलं. जिभली.

सुईणीचा दवाखाना औषधांच्या दुकानावर,
दुसरा मजला, लिफ्ट नाही.
दहा बैठका, सरकारी खर्चानं,
इथे बाळंतिणीला त्या मिळतातच;
मीच चिठ्ठी फ्रिजवर चिकटवून विसरले होते.
अझिलिसनं हातमोजा चढवला, मला विचारलं, चालेल ना,
आणि म्हणाली, आता माझं बोट धर.
कशानं, विचारणार होते,
तेवढ्यात कळलं कशानं.
धरलं. सगळा जीव एकवटून धरलं.
ती म्हणाली, "हे तू कपाळ आवळलंस.
आणि कुल्ले. आणि श्वास कोंडलास.
खाली कुणीच घरी नाही."

इतकी हसले
की टेबलावरचा कागद बदलावा लागला.

मग तिनं हवेत हातानं काढून दाखवली
माकडहाडापासून पुढच्या हाडापर्यंत टांगलेली झोळी.
मालो नऊ महिने तिच्याच आधारानं होता,
आणि निघाला तोही तिलाच ताणून.
"जिवंत कालवाला बोट लागलं की
ते मिटतं ना, तसं मीट. आता वर घे.
आता सोड.
पूर्ण सोड, रोझेन. सोडणं हेही काम आहे."

मला तेच जड गेलं.

दूध तापेपर्यंत दहा वेळा.
लाल सिग्नलला पाच.
रात्री तीनला, मालो छातीशी,
अंधारात काहीतरी उचलत बसलेली मी,
आणि उचललं जातंय की नाही
हे सांगायला कुणी नाही.
सहा आठवडे फरक शून्य.
आठव्या आठवड्यात खालच्या दुकानात रांगेत शिंकले.
वाट पाहिली.
काही नाही.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

सातव्या बैठकीला ती म्हणाली, वाद्य घेऊन ये.
"तू आधी फुंकतेस, म्हणून सगळं खाली येतं.
आधी उचल. मग फुंक."
फुंकलं.
खालून औषधवाला काठी आपटायला लागला.

सप्टेंबरात हॉलमध्ये फेस्ट-नोझ,
करंगळ्या गुंफून दोनशे माणसं गोल फिरतायत.
चाळीस मिनिटं वाजवलं.
शेवटच्या लांब सुराला एक थेंब गेला, खोटं कशाला बोलू.
पँट काळी होती, तेवढी अक्कल मला आहे.

नंतर मारी-जान आली. वय एक्याऐंशी,
उभा जन्म सार्डिनच्या कारखान्यात, उभ्यानं.
दर नाचाला ती दाराशी बसते, फेरात शिरत नाही;
आम्ही समजायचो, गुडघे.
माझ्या कानाशी आली.
"ती सुईण म्हाताऱ्यांना घेते का गं?"

यानच्या पेननं तिच्या हातावर नंबर लिहिला.
दुसरा मजला, लिफ्ट नाही, हेही सांगितलं.
"चढायचं काही नाही," ती म्हणाली.
"उतरताना."

माहीत आहे, म्हटलं.