शेरा

दर मंगळवारी मी या तळघरात बसते.
पेन बाहेर ठेवायचं, आत फक्त पेन्सिल.
वहीखाली उशी, पानावर वजनाची दोरी.
आजाऱ्याला कुशीवर वळवून निजवावं
तसं सोळाशे सतरा साल निजवलेलं.

छत्तीस वर्षं ग्लॉस्टरला रात्रपाळीची नर्स होते मी.
डॉक्टरांचं अक्षर लावण्यात हयात गेली,
या पाद्र्याच्या गिचमिडीला कोण भितंय?

बारसं. लग्न. पुरलं. पुरलं. पुरलं.
त्या वर्षी साथ आली असावी.
आणि पानाच्या अगदी काठावर,
उंदराने घेतलेल्या घासाच्या जरा वर :
'क्रिस्टोफर टॅम्पलिन, दोर वळणारा, काळा. पुरला.'

चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.
आधी दोर वळणारा. मग स्वल्पविराम. मग काळा.
माझ्या वेळी क्रम उलटा होता.

सव्वीस नंबरच्या खाटेवरची म्हातारी ओरडायची,
त्या काळीला सांगा, मला हात लावायचा नाही.
गेली तेव्हा तोच हात धरून गेली.
नखं फार वाढली होती तिची.
हे कुठल्याच वहीत नाही.

चर्चचा जमाखर्च मागवला. दोन आठवडे लागले.
'दोर वळणाऱ्यासाठी घंटा, चार पेन्स.
भरणार : विधवा मार्जरी.'
ज्या दोराने ती घंटा वाजली
तो त्यानेच वळलेला असेल का?
असं मी लिहिणार नाही. पुरावा नाही.
पण मनात आणायला पेन्सिलही लागत नाही.

मुलगा : टॅम्पलिन, दोर वळणारा. पुढे काही नाही.
नात : टॅम्पलिन, लग्न, नवरा खलाशी. काही नाही.
पणतू : काही नाही.
हळदीचा डाग उन्हात जावा
तसा शाईतून रंग निघून गेला,
कुणी घासला नाही, कुणी धुतला नाही.
नुसते दिवस गेले.

साडेतीनला चहा. रॉजर टॅम्पलिन माझ्यासमोर बसतो.
निवृत्त सर्व्हेअर, घारे डोळे, माणूस सभ्य,
बिस्किट आधी मला देतो, मग स्वतः घेतो.
मिसेस गिटन्स, तुम्ही कुठल्या?
ग्लॉस्टरची.
नाही, म्हणजे मूळच्या?
मग तोच सांगत सुटतो,
आमचं घराणं इथलंच बरं का, नदीकाठचं,
कुणाला आठवतही नाही इतक्या आधीपासूनचं.
हो, म्हटलं, ते माहीत आहे मला.

तो हसला. मी चहा ढवळला.
साखर घेत नाही मी, तरी ढवळला.

सांगेन पुढच्या मंगळवारी. किंवा नाही सांगणार.
त्याच्याकडे चौदावी पेटी आहे, माझ्याकडे नववी.
पान पान करत मागे मागे येतोय तो.
पोचेल.

फॉर्मचा शेवटचा रकाना : शेरा.
नियम असा की जसं आहे तसं उतरवायचं,
चुका सुधारायच्या नाहीत, पदरचं घालायचं नाही.
मी उतरवलं, स्वल्पविरामासकट.

मग बस पकडून स्मशानभूमीत गेले.
ऑस्विनच्या दगडावर शेवाळ चढतंय,
नखाने थोडं खरवडलं, थोडं राहू दिलं.
त्याची खड्ड्याची पावती नगरपालिकेने दिलीय :
नाव, वय, जागेचा नंबर, रक्कम मिळाली.
बाकी कोरी.

घरी आल्यावर बिस्किटांच्या डब्यातून ती काढली
आणि मागच्या बाजूला पेन्सिलने लिहिलं :
बसचे ब्रेक दुरुस्त करणारा, काळा,
ब्रिजटाऊनचा, मग इथला,
झोपेत शीळ घालायचा.

शेवटची ओळ नियमात बसत नाही. राहू दे.
कुणाला लागली चारशे वर्षांनी, तर
अक्षर माझं स्वच्छ आहे.