अंगी लागणं

योफच्या किनाऱ्यावर पहाटे वाळू गार असते
आणि मी सगळ्यांच्या मागे धावत असते.
पुढे शंभरेक पाठी,
त्यांच्याही पुढे रंगवलेल्या होड्या समुद्राकडे ढकलणारे कोळी.
अन्सुमाना कधी ओरडत नाही, फक्त नाव घेतो,
जिनाबू,
दाराशी उभं राहून कुणी हळूच कडी वाजवावी तसं.

रविवारी मी अकरा सेकंदांत पडले.
गोलात बूड टेकलं, मग पाठ,
मग वर आभाळ आणि आभाळाच्या मधोमध म्बायांगचा चेहरा,
तोही जरा चकित.
मुका मार लागला.
तेव्हापासून मन कशात लागत नाही.

मन लागावं म्हणून आरशावर स्पर्धेची तारीख लिहिली,
दुसऱ्या दिवशी पुसली.
झिगिंशोरला बहिणीला फोन केला,
तिने बाळाचं रडणं ऐकवलं
आणि विचारलं, तू का गप्प?

भिंतीवर अन्सुमानाचा कागद:
चार अंडी, बाजरीची लापशी दह्याबरोबर,
मूठभर शेंगदाणे, तहान नसली तरी पाणी.
सगळ्यात खाली, तिरक्या अक्षरात:
राग हा आहार नाही.
काटा सांगतो चोपन्न किलो तीनशे,
मला हवेत सत्तावन्न,
आणि माझी अंडी रोज मागच्या दारी
एक कानफाटी मांजर खाते.
मांजर जाड होत चाललीय.

दुपारी सोखनाताई परात मांडते.
एकच परात, भोवती आम्ही सहाजणी, मांडीला मांडी.
तांबडा भात, वर गाजर, कोबी, कसावा,
आणि मधे मासा.
रीत अशी की आपल्यापुढचाच भात खायचा,
शेजारणीच्या हद्दीत हात घालायचा नाही.
मी माझ्या हद्दीत बोटाने रेघा ओढत बसले होते.

समोर म्बायांग.
तिच्या कोपरावर अजून माझ्या नखांचा ओरखडा.
तिने मधला मासा मोडला,
काटे काढले, एकेक, सावकाश, घाई नसल्यासारखे,
आणि तो तुकडा बोटांनी ढकलत ढकलत
परातीच्या माझ्या बाजूला आणून ठेवला.
काही बोलली नाही.
माझ्याकडे बघितलंही नाही.
मग गाजर. मग कोबीचं पान.
मग पुन्हा मासा.

ज्या हातांनी मला उलथवलं तेच हात,
लिंबाच्या वासाचे.

खाल्लं मी.
भातात चिंच होती, सुकटीचा खारटपणा होता,
हे मला पाच दिवस कुणी सांगितलंच नव्हतं.
सोखनाताईने तळाची खरपुडी खरवडून
माझ्या तळहातावर ठेवली, म्हणाली,
एका जेवणाने काही होत नाही गं,
अंगी लागायला वेळ लागतो.

मांजर दारात येऊन बसली.
तिला मी माश्याचं डोकं दिलं, अंडी नाही.

गुरुवारी पुन्हा आम्ही दोघी गोलात.
कपाळाला कपाळ, तिचा श्वास, माझा श्वास,
तिचा उजवा पाय कधी सरकतो याची वाट.
मी तो धरला. जवळजवळ धरला.
तिने मला पाडलं,
पण चाळीस सेकंद लागले.

उठले, पाठीवरची वाळू झटकली.
अन्सुमानाने वहीत काहीतरी लिहिलं, दाखवलं नाही.
दूर सोखनाताईच्या चुलीवर कांदा तेलात पडला
आणि मला,
खरंच सांगते,
कडकडून भूक लागली.