खालची फट

पश्चिमेच्या भिंतीला ओल धरायची,
म्हणून त्या वर्षी पत्रे मारून घेतले.
पाथर्डी फाट्याच्या त्या अंगाला तेव्हा आमचंच घर,
पांडवलेण्याकडून येणारं वारं थेट छातीवर.
लोक म्हणाले, घर आहे की गोडाऊन?
हे म्हणाले, अंबडला बावीस वर्षं पत्रा वाकवला,
आता घराला एक सदरा शिवतो.

सदऱ्याला चौदा वर्षं झाली.
स्क्रूंच्या डोक्यांभोवती तांबूस कडी,
वॉशर सुकून मनुक्यासारखे,
आणि रात्री दहाच्या सुमाराला गारठा उतरला
की पत्रा आखडतो. टण्ण.
एकटीच्या पहिल्या हिवाळ्यात
मी कडी काढायला उठायचे.

सातपूरहून मुश्ताक आला, शिडी, पोरगा, सीलंटची बंदूक घेऊन.
मावशी, ऊन चढायच्या आत भरू,
तापला की पत्रा पसरतो, सांधा मिटतो,
तेव्हा भरलेलं रात्री फाटतं.
तारेच्या ब्रशानं गंज खरवडला,
लाल भुकटी माझ्या कढीपत्त्यावर.
रेड ऑक्साइडचा एक हात.
तो वाळेपर्यंत पोरानं स्क्रू मोजले, एकशे अडतीस,
नवे वॉशर हवेत म्हणून.

एक तिरका होता, खिडकीच्या कोपऱ्यात.
हा कुणी मारला? काढून टाकतो.
गळतो का, मी विचारलं.
पोरानं पाइप धरला, आम्ही आतून भिंत चाचपली.
कोरडी.
मग राहू दे, वरून नुसतं भर.
तो मी मारलेला. ड्रिल हातातून निसटत होतं
आणि हे शिडी सोडून हसत होते,
शिडी धरायची सोडून.

सांधे झाले, चौकट झाली,
साबणाच्या पाण्यात बोट बुडवून त्यानं रेघ सारखी केली.
राहिली खालची कड, जोत्याच्या वर चार बोटं.
ही पण बुजव एकदाची.
ही नाही बुजवायची, मावशी.
कितीही भरा, आत थोडं जातंच. थंडीत पत्र्याला घामही येतो.
त्याला उतरायला जागा पाहिजे,
नाहीतर आतल्या आत खातं. बाहेरून रंग छान दिसतो.

मी चहा ठेवायला आत गेले.
साखर दोनदा घातली.

उरलेली अर्धी ट्यूब, नऊ जुने वॉशर
मुश्ताक पायरीवर ठेवून गेला.
संध्याकाळी वाकून पाहिलं,
फटीपाशी जोतं ओलसर, बोटभर.

रात्री टण्ण झालं.
नवं रबर आहे,
आवाज जरा जाड.