सांगता येत नाही

सातव्या प्रश्नाआधी मी पाणी मागते.
हे प्रशिक्षणात शिकवलेलं नाही.
ग्लास परत ठेवायच्या निमित्ताने
ओट्यापर्यंत जाता येतं,
आणि सोफ्यावरचे पुरुष सोफ्यावरच राहतात.
दिवसाला चौदा घरं, चौदा ग्लास.
एप्रिल असल्याने कुणाला वेगळं वाटत नाही.

"गर्भ ठेवायचा की नाही, हे फक्त त्या बाईने ठरवावं का?
सहमत. असहमत. सांगता येत नाही."
भरलेल्या फॉर्मचे पंचेचाळीस रुपये.
अर्धवटाचे काही नाही.

सहकारनगरात आठल्ये सर म्हणाले,
बसा, आधी भाषा नीट करू.
'फक्त' काढा, मग मी सहमत.
म्हटलं, सर, फॉर्म छापूनच येतात.
त्यांनी समासात पेन्सिलीने दुरुस्ती केली
आणि खाली सही, तारखेसकट.

धनकवडीच्या चौकात निवंगुणे मेडिकल.
"बंदी नाही हो, पण हिशेब कोण देत बसणार?
नसता ताप.
मत विचारताय ना? मत आहे माझं, चांगलं आहे.
गोळ्या ठेवत नाही."

दत्तवाडीत खिलारेबाई भांडी घासत होत्या.
"असा कायदा हाय व्हय?
मग माझ्या थोरलीला चार दवाखाने का फिरवलं?"
मी विचारलं, म्हणजे सहमत लिहू?
"म्हंजी कढई राहिलीय अजून."

कर्वेनगरच्या हॉस्टेलवर एक मुलगी, वैदर्भी नाव,
कोर्टाचे निकाल फोनमध्ये साठवलेले.
ताई, म्हणाली, हा हक्क नाहीये, सूट आहे.
कायद्याने गुन्ह्याच्या पोटात अपवाद ठेवलाय,
वीस आठवडे, चोवीस आठवडे, पुढे बोर्ड.
मी म्हटलं, लक्ष्मी रोडवर लागते तशी सूट?
ती हसली नाही.
"हो. आणि पाटी कधी उतरेल
ते दुकानदार ठरवतो."

मग तो तिसरा मजला.
जाळीचं दार तिने उघडलंच नाही, पाणीही दिलं नाही.
आत टीव्ही, टीव्हीसमोर कुणाचे तरी पाय.
प्रश्न वाचला.
"सांगता येत नाही."
मी शेवटच्या चौकोनावर पेन टेकवलं
तर तिने पुन्हा म्हटलं, हळू,
पहिल्या शब्दावर थांबून,
आणि डोळे मागे, त्या पायांकडे.

जिना उतरताना माझा डावा हात दुखला.
शहाण्णव साली टिळक रोडच्या एका दवाखान्यात
रजिस्टर पुढे सरकवून नर्स म्हणाली होती, मिस्टरांची सही.
कायदा ती मागत नव्हता. हे मला कुठे माहीत?
मी बाहेर गेले, पायरीवर बसले,
आणि डाव्या हाताने त्यांचं नाव लिहिलं,
त्यांच्यासारखं तिरकं,
आडनावाची वेलांटी जरा जास्तच मोठी.
कुणी ताडून पाहिलं नाही.
घरी मिस्टरांना अजून माहीत नाही
की तेव्हा त्यांची संमती होती.

अहवाल जूनमध्ये आला. रंगीत गोल,
त्यात एक राखाडी फोड, जवळजवळ तिसरा हिस्सा.
साहेब म्हणाले, लोकांचं अजून ठरत नाहीये,
कायद्याने इतक्यात घाई करू नये.
मी त्या राखाडीत दारं शोधत होते,
जाळीची, साखळीची, अर्धी लोटलेली.
काहींचं केव्हाच ठरलं होतं.

"तुम्हाला काय वाटतं, मावशी?" साहेबांनी सहज विचारलं.
खोलीत सहा पुरुष, पंखा.
मी म्हटलं,
पाणी मिळेल का?